पिचरचा हात आणि मधले चार दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १४ वर्षांचा, बेसबॉलमधला डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. न्यू जर्सीत शाळेच्या संघातून खेळतो आणि शिवाय एका ट्रॅव्हल टीममधूनही, म्हणजे गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या खासगी संघातूनही. कोच म्हणतात, हात वेगळाच आहे, कॉलेजची स्कॉलरशिप तर नक्की, कदाचित त्याच्याही पुढे जाईल. गेले दोन महिने कोपर आतल्या बाजूने दुखतंय. त्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलंय की ‘टॉमी जॉन’ नावाची कोपराची शस्त्रक्रिया करून घेतली की हात आणखी वेगवान होतो. तुम्हाला विचारायचंय की व्यावसायिक पिचरचं आयुष्य खरोखर कसं असतं आणि मुलाला या वाटेने जाऊ द्यावं का.

मी फिजिओथेरपिस्ट, मूळची सांगलीची. सुरुवातीची वर्षं क्रिकेटच्या फास्ट बोलर्सच्या पाठी सांभाळण्यात गेली आणि आता १९ वर्षं अमेरिकेत पिचर्सचे खांदे आणि कोपरं सांभाळते. जे हाताखालून गेलंय तेच लिहिते.

आधी ऑपरेशनबद्दल, कारण तो गैरसमज सगळ्यात घातक आहे.

टॉमी जॉन हा डॉक्टर नव्हे, पिचर. जन्म १९४३चा, इंडियाना राज्यातल्या टेरे होट गावचा आणि तुमच्या मुलासारखाच डावखुरा. १९६३ मध्ये क्लीव्हलँडकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये आला, मग शिकागो व्हाइट सॉक्स, मग लॉस एंजेलिस डॉजर्स. वेगासाठी तो कधीच ओळखला गेला नाही. त्याचं हत्यार होतं सिंकर, म्हणजे बॅटरसमोरच्या प्लेटपाशी येता येता खाली बसणारा चेंडू. बॅटरने मारला तरी जमिनीवरूनच घरंगळत जायचा. १९७४ मध्ये जुलैच्या मध्यापर्यंत पिचर म्हणून त्याच्या नावावर १३ विजय आणि फक्त ३ पराभव, म्हणजे कारकिर्दीतला सगळ्यात चांगला हंगाम चालला होता. १७ जुलैला मॉन्ट्रियलविरुद्ध टाकता टाकता कोपरात काहीतरी सुटलं. काही चेंडूंतच तो स्वतः मैदानाबाहेर आला.

तुटलं होतं ते कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, दंडाचं हाड आणि हाताचं हाड एकमेकांना धरून ठेवणारी बोटभर लांबीची पट्टी. त्या काळी हे तुटलं की पिचर घरी जायचा. कारण लिहिलं जायचं, ‘हात गेला’. डॉजर्सचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्याच्या उजव्या मनगटातली एक टेंडन, म्हणजे स्नायूला जोडलेली दोरी, काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून ती आठच्या आकड्यासारखी ओवली आणि तिला लिगामेंटच्या जागी बसवलं. पुन्हा टाकता येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती.

ही टेंडन तुमच्याही मनगटात असू शकते. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वळवा. मधोमध दोरीसारखी उभी राहते ती हीच. काही माणसांना ती नसतेच आणि त्यांचं काही अडत नाही, म्हणून तर ती काढून घेता येते. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मुलाला मी आधी हे करायला लावते. आपल्या हातात काय आहे हे त्याला डोळ्यांनी दिसलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

ऑपरेशननंतर टॉमी जॉनच्या कोपराजवळच्या नसेवर परिणाम झाला, बोटं वाकडी झाली, डिसेंबरमध्ये पुन्हा टेबलावर जावं लागलं. १९७५चं पूर्ण वर्ष त्याने मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकला नाही. १९७६ मध्ये परतला तेव्हा १० विजय, १० पराभव. १९७७ मध्ये २० विजय, ७ पराभव. पुढे न्यूयॉर्क यँकीजकडून १९७९ मध्ये २१ आणि १९८० मध्ये २२ सामने जिंकले. १९८९ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, त्याने खेळणं थांबवलं तेव्हा नावावर २८८ विजय होते. त्यातले १६४ ऑपरेशननंतरचे.

लोकांना या गोष्टीतलं ऑपरेशन लक्षात राहतं. मला त्यातलं १९७५ साल महत्त्वाचं वाटतं. मनगटातून काढलेली टेंडन कोपरात शिवली त्या दिवशी ती एक निर्जीव दोरी असते. तिला रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या हळूहळू तिच्यात शिरतात, तिचे धागे बदलतात, महिन्यांमागून महिने जातात आणि मग कुठे ती लिगामेंटसारखी वागू लागते. आजही पिचरला सामन्यात परतायला १२ ते १८ महिने लागतात. डॉक्टर हुशार झाले, यंत्रं आली, तरी हा काळ फारसा कमी झालेला नाही, कारण तो शरीर घेतं.

मग वेग वाढतो हे कुठून आलं? ऑपरेशनच्या आधीचं वर्षभर हात अर्धवट फाटलेलाच असतो, त्यामुळे वेग आधीच उतरलेला असतो. नंतरचं वर्षभर तो मुलगा आयुष्यात पहिल्यांदा शिस्तीने मांड्या, कंबर, पाठ, खांद्यामागचे स्नायू कमावतो. परत येतो तेव्हा वेग वाढलेला दिसतो आणि श्रेय मिळतं सुरीला. लिगामेंट वेग निर्माण करत नाही. विहिरीवर मोट चालायची तेव्हा पाणी ओढायचे बैल. नाड्याचं काम तुटू नये एवढंच. नवा नाडा लावला म्हणून बैलांची ताकद वाढत नाही. आणि हे ऑपरेशन सगळ्यांना फळतं असंही नाही. काहीजण पूर्वीच्या पातळीवर कधीच येत नाहीत, काहींना ते दुसऱ्यांदा करावं लागतं. आजचा नावाजलेला पिचर शोहेई ओहतानी, त्याचं कोपर २०१८ मध्ये उघडावं लागलं आणि २०२३ मध्ये परत.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तर हा प्रश्नच बहुधा चुकीचा आहे. १४व्या वर्षी कोपराच्या आतल्या उंचवट्याचं हाड अजून पुरतं जुळलेलं नसतं. मुलग्यांमध्ये ते साधारण १५ ते १७ च्या सुमारास जुळतं. तोवर मधे कूर्चेचा थर असतो आणि लिगामेंटपेक्षा तोच कच्चा असतो. चेंडू टाकताना बसणारा ताण लिगामेंट त्या कच्च्या जागी नेऊन सोडतं. इथले डॉक्टर याला ‘लिटल लीग एल्बो’ म्हणतात. वेळेत थांबवलं तर नुसत्या विश्रांतीने बरं होतं. न थांबवता रेटलं तर हाडाचा तो तुकडा सुटून येऊ शकतो. म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर पहिलं काम म्हणजे मुलांची हाडं पाहणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांची वेळ घेणं आणि तोपर्यंत टाकणं पूर्ण बंद.

आता हातावर ताण किती येतो ते सांगते, कारण क्रिकेट पाहून वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो. आमच्याकडे फास्ट बोलर यायचा तो पाठ धरून. हात सरळ ठेवायचा नियम असल्यामुळे आणि धावत येऊन पुढच्या पायावर आपटल्यामुळे त्याचा सगळा भार कमरेच्या मणक्यांवर जातो, तिथे हाडाला चीर पडते. पिचर धावत येत नाही. १० इंच उंचीच्या मातीच्या माऊंडवर उभा राहतो, एक पाऊल टाकतो आणि सगळं शरीर वळवून ६० फूट ६ इंचांवरच्या प्लेटकडे चेंडू फेकतो. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलकाच, साधारण १४५ ग्रॅमचा. पण त्याचं कोपर वाकलेलं असतं. हात मागे ताणला जातो आणि तिथून खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंश या गतीने पुढे फिरतो. मानवी शरीराच्या सगळ्यात वेगवान हालचालींमध्ये हिची गणना होते. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूला सुमारे ६४ न्यूटन-मीटर पीळ बसतो. म्हणजे कोपरापासून फूटभर अंतरावर वीस किलोहून जास्त वजन टांगल्यासारखा. प्रयोगशाळेत नुसतं लिगामेंट याच्या निम्म्या पिळाला तुटतं. मैदानावर ते तुटत नाही कारण आजूबाजूचे स्नायू भार वाटून घेतात. स्नायू थकले की तो वाटा कोण उचलणार? सगळं उत्तर या एका प्रश्नात आहे.

म्हणूनच पिचरचं आयुष्य हे दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांचं आयुष्य असतं. मेजर लीगमधला स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर, साधारण पाचव्या दिवशी टाकतो. एका सामन्यात ९० ते १०० चेंडू, की झालं. टीव्हीवर तेवढंच दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे येतो तेव्हा शर्टाची वरची बटणं डाव्या हाताने लावलेली असतात, कारण उजवा खांद्याच्या वर जात नाही. आम्ही आधी खांदा किती फिरतो ते मोजतो, मग सायकल, मांड्यांचा व्यायाम, हलक्या हाताने मसाज. त्यानंतरच्या एखाद्या दिवशी बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, २०-३० चेंडू, तेही पूर्ण जोर न लावता, फक्त हात जागेवर आहे का ते बघायला. एक दिवस पुढच्या संघाचे बॅटर कुठे फसतात त्याचे व्हिडिओ. एक दिवस जवळजवळ काहीच नाही. मग पुन्हा माऊंड. फेब्रुवारीत सराव शिबिर सुरू होतं ते सप्टेंबरअखेरपर्यंत, संघाचे १६२ सामने. रिलिव्हरचं, म्हणजे सामन्याच्या मध्येच आणल्या जाणाऱ्या पिचरचं, वेगळं. त्याला दिवस ठरलेला नसतो. फोन वाजला की उठायचं, दहा मिनिटांत हात तापवायचा आणि पुन्हा कदाचित उद्याही.

कोणता पिचर टिकेल हे मला सामन्यावरून कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी खोलीत तो काय सांगतो आणि काय लपवतो त्यावरून कळतं. डबल-एमधला, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या लीगमधला, एक २२ वर्षांचा मुलगा आठवतो. रोज येऊन ‘मस्त आहे’ म्हणायचा. एके दिवशी पाहिलं तर बुटाची नाडी एकाच हाताने ओढत होता, दुसऱ्या हाताने नुसतं दाबून धरलं होतं. विचारल्यावर गप्प झाला. मग म्हणाला, सहा आठवडे झाले दुखतंय, पण सांगितलं असतं तर माझी जागा गेली असती. एमआरआयमध्ये लिगामेंट जवळजवळ पूर्ण फाटलेलं निघालं. पहिल्याच आठवड्यात बोलला असता तर नक्की वाचलं असतं असं मी म्हणणार नाही, पण वाचवायची संधी तरी मिळाली असती. ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात त्याने पहिल्यांदा चेंडू हातात घेतला. ४५ फुटांवरून २५ फेक, अगदी लहान मुलाला झेल द्यावा तशा. चेंडू सोडल्यावर दर वेळी तो आपल्या कोपराकडे बघायचा. समोर झेलणाऱ्या माणसाकडे बघायला त्याला तीन आठवडे लागले.

त्याची भीती खोटी नव्हती. ही शिडीच तशी आहे. दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मेजर लीगचे ३० क्लब २० फेऱ्यांत मिळून सहाशेच्या वर खेळाडू निवडतात. त्यानंतर रुकी, लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या आणि वर पोचल्यावर क्लबच्या सक्रिय यादीत फक्त २६ जागा. निवडलेल्यांपैकी बहुतेकजण मेजर लीगचं मैदान प्रेक्षक म्हणूनच पाहतात. पैशाचं म्हणाल तर २०२५ मध्ये मेजर लीगचा किमान वार्षिक पगार ७,६०,००० डॉलर होता. ट्रिपल-ए म्हणजे त्याच्या फक्त एक पायरी खाली. तिथे २०२२ मध्ये १७,५०० डॉलर मिळत. २०२३ मध्ये मायनर लीगच्या, म्हणजे या खालच्या पायऱ्यांवरच्या, खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला आणि ती रक्कम ३५,८०० वर गेली. त्याआधीच्या वर्षापासून राहण्याची सोयही क्लबला करावी लागते. त्यापूर्वी एका फ्लॅटमध्ये सहा-सहा मुलं गाद्या टाकून झोपायची आणि रात्रभराचा बसप्रवास करून सकाळी माझ्यासमोर पाठ आखडून उभी राहायची. मेजर लीगच्या यादीत ४३ दिवस काढले की पेन्शनचा हक्क मिळतो, त्यामुळे काही मुलं ते दिवस बोटांवर मोजतात. ज्याची नोकरी अशा दिवसांवर टांगलेली आहे तो दुखणं सांगेल कसा?

वर पोचलेल्यांचंही सगळं सरळ नसतं. डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्स याने १९६६ मध्ये २७ सामने जिंकले आणि त्याच वर्षी ३०व्या वर्षी खेळ सोडला, कारण डाव्या कोपराचा संधिवात. अलीकडचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग बघा. २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात १४ बॅटर बाद केले, त्याच वर्षी टॉमी जॉन झाली. २०१२ मध्ये त्याच्या वॉशिंग्टन संघाने त्याला हंगामात १५९ इनिंग टाकून झाल्यावर थांबवलं, संघ विजेतेपदाच्या प्लेऑफ सामन्यांत जात असतानाही. केवढा आरडाओरडा झाला! मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता आणि आजही वाटतो. २०१९ मध्ये तोच स्ट्रासबर्ग वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याला सात वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार मिळाला. त्या करारात तो फक्त ८ सामने टाकू शकला. खांद्यापाशी नसा दबण्याचा आजार झाला आणि २०२४ मध्ये निवृत्ती. उलट पिचर जेमी मॉयर. वेग एवढा कमी की खेळाडू हेरणाऱ्या आजच्या स्काउटने वहीत नावही लिहिलं नसतं. २०१२ मध्ये, तोही कोपराच्या ऑपरेशननंतर, वयाच्या ४९व्या वर्षी मेजर लीगचा सामना जिंकला. बॅटरला वेगाची सवय लागू न देणं एवढीच त्याची विद्या.

आज मात्र सगळे वेगाच्या मागे आहेत. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२ झाला. प्रत्येक चेंडू पूर्ण जोराने. वेग मोजणारी रडारगन आता शाळेच्या मैदानावर आली आहे आणि बारा वर्षांचं पोर चेंडू टाकल्यावर झेलणाऱ्याकडे न बघता आकड्याकडे बघतं.

भारतीय मुलांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलं आहे. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही भालाफेकीतले. २००८ मध्ये वेगवान फेकीच्या एका स्पर्धेतून निवडले गेले, दक्षिण कॅलिफोर्नियात पिचिंगचे प्रशिक्षक टॉम हाउस यांच्याकडे शिकले आणि त्याच वर्षी मेजर लीगच्या पिट्सबर्ग क्लबने दोघांना करारबद्ध केलं. बेसबॉलचा चेंडू हातात घेतल्यापासून वर्षभराच्या आत! पटेल २०१० मध्ये परतला. सिंग काही वर्षं मायनर लीगमध्ये टिकला, नंतर कुस्तीच्या रिंगणात गेला. हात होता, जिद्द होती. पण ज्या वयात इथली मुलं बॅटर वाचायला शिकतात ती वर्षं त्यांच्याकडे नव्हती. तुमच्या मुलाकडे ती आहेत, म्हणून घाईचं कारण नाही.

आता तुमच्या घरातलं. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमाप्रमाणे १४ वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ हून जास्त चेंडू टाकायचे नाहीत आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पूर्ण चार दिवस माऊंडवर जायचं नाही. नियम चांगला आहे, पण तुमचा मुलगा दोन संघांत खेळतो. शाळेचा कोच आपले चेंडू मोजतो, ट्रॅव्हल टीमचा आपले. दोन कोच, दोन वह्या, हात एकच. ती बेरीज कोणीच करत नाही, ती तुम्हाला करावी लागेल. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की वर्षात आठ महिन्यांहून जास्त काळ सामन्यांत टाकणाऱ्या मुलांमध्ये ऑपरेशनची वेळ येण्याचं प्रमाण पाचपट होतं आणि हात थकलेला असताना नेहमी टाकणाऱ्यांमध्ये ३६ पट. हा दुसरा आकडा मी प्रत्येक पालकाला दोनदा सांगते.

न्यू जर्सीच्या थंडीने पूर्वी मुलांना आपोआप सुट्टी मिळायची. आता बंदिस्त हॉलमध्ये जानेवारीतही माऊंड आहेत. वर्षातले चार महिने सामन्यात टाकणं बंद आणि त्यातले निदान दोन-तीन महिने सलग, खांद्यावरून कुठलीही फेक नाही. त्या महिन्यांत बास्केटबॉल खेळू दे, पोहू दे, धावू दे. पिच टाकणार असेल त्या दिवशी कॅचर म्हणून, म्हणजे प्लेटमागे चेंडू झेलायला, बसवू देऊ नका, कारण कॅचरही चेंडू परत फेकत असतो. आणि कोच रागावले तर रागावू देत. चांगला कोच हे ऐकून वहीत लिहून घेतो. रागावणाऱ्याकडे मुलगा ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवा.

वाटेने जाऊ द्यावं का? हो, जाऊ द्या. मी या पोरांना जवळून पाहिलंय. हातातून चेंडू नीट सुटला आणि बॅटर जागेवर खिळला की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते दुसऱ्या कशाने येत नाही. फक्त १४व्या वर्षी त्याला व्यावसायिक समजू नका. स्कॉलरशिपची भाषा घरात निदान दोन वर्षं बंद ठेवा. त्याला वेगाआधी चेंजअप शिकू दे, म्हणजे फास्टबॉलसारखाच हात फिरवून हळू सोडलेला चेंडू.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक करा. मुलाला ‘दुखतंय का’ असं विचारू नका. ‘नाही’ असंच उत्तर येईल. संध्याकाळी निवांत बसवून म्हणा, ‘बाळा, एका बोटाने जागा दाखव.’ बोट कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यावर टेकलं, तर ते डॉक्टरांना तसंच सांगा. मग गेल्या तीन महिन्यांचे दोन्ही संघांचे सामने आठवून एका कागदावर लिहा: तारीख, अंदाजे किती चेंडू, नंतर किती दिवस विश्रांती, दुसऱ्या दिवशी दुखलं का. तो कागद सोबत न्या. तपासणीत काय निघालं ते कळवलंत तर पुढचा व्यायाम मी लिहून देईन.